कल्याणची यमुना आणि रोझेलची मावशी

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची आणि तीत आपल्या भागातील एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र घालावयाचे असे ठरले, तेव्हा नाव शोधीत बसावे लागले नाही. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव कल्याणकरांच्या ओठांवर असतेच. सातासमुद्रापलीकडे गेल्या, डॉक्टर झाल्या आणि हाय! बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तोच गेल्या, एवढे आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलीही सांगतील. तेव्हा तेवढेच पुन्हा सांगावे म्हणून मी लेखणी हाती घेतलेली नाही.

माझ्या मनात आला तो प्रश्न अगदी घरगुती आहे. नुकती अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी, एकटी, नऊवारी लुगड्यातली, शाकाहारी, परक्या देशात उतरली. ती राहिली कोणाकडे? जेवली काय? आजारी पडली तेव्हा तिच्या उशाशी कोण बसले? आज ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील कितीतरी घरांतली मुले-मुली परदेशी आहेत, आणि फोनवर त्यांचा आवाज ऐकला की आपल्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघतो. आनंदीबाईंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर एका बाईच्या नावाने द्यावे लागते, आणि ते नाव मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हे चरित्र त्या अंगाने सांगते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे. घराणे जुने, एके काळचे चांगले संपन्न, पण त्या वेळी बसत चाललेले. यमुनेचा जन्म 31 मार्च 1865 चा. त्यापूर्वी अकरा वर्षे, 1854 साली, आगगाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत आलेली होती. तरी घरांतली रीतभात गाडीच्या वेगाने बदलत नसते. मुलगी नऊ वर्षांची झाली आणि 1874 मध्ये तिचे लग्न झाले. नवरामुलगा गोपाळराव विनायक जोशी, संगमनेरचे, बिजवर, वयाने बरेच मोठे, कल्याणच्या पोस्टात कारकून. मुलीला शिकवू द्याल तरच लग्न करीन, अशी त्यांची अट होती. त्या काळी वराकडून हुंड्याच्या अटी येत. ही अट ऐकून मंडळी चकित झाली असतील यात नवल नाही. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले.

गोपाळराव हा मोठा विलक्षण माणूस. बायकोला शिकविण्याचा त्यांना ध्यास होता, आणि तो ध्यास पुष्कळदा कठोरपणाच्या पलीकडे जाई. स्वयंपाकघरात रमलेली मुले-माणसे त्यांना चालत नसत. अभ्यास टाकून चुलीपाशी दिसली तर त्या लहान मुलीला मारसुद्धा बसे. हे लपवून चरित्र लिहिण्यात अर्थ नाही. पुढे बदलीच्या गावी, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशी बिऱ्हाडे हलत गेली आणि शिकणे चालू राहिले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाळंतिणीकडे आणि बाळाकडे पाहणारी शिकलेली बाई-डॉक्टर कोठे नव्हती. पुरुष डॉक्टरला हात लावू देण्याची रीत नव्हती. डॉक्टर व्हावे, ही इच्छा त्या दहा दिवसांत रुजली असे त्यांचे चरित्रकार मानतात, आणि आपल्यालाही ते पटते.

आता ती गोष्ट. कोल्हापूरला असताना 1878 मध्ये गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला शिकवावयाचे आहे, अमेरिकेत आलो तर मला काही काम आणि तिला शिक्षण मिळेल काय, अशी विचारणा होती. हे पत्र रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे पोहोचले. ते पूर्वी कोल्हापुरास मिशनरी होते आणि आता अमेरिकेत प्रिन्स्टन येथून एक मासिक काढीत असत. त्यांनी पत्र मासिकात छापले आणि सोबत आपला अभिप्रायही छापला. तो थोडक्यात असा की गृहस्थ धर्मांतराला तयार असेल तर पाहू. गोपाळराव तसे तयार नव्हते. प्रकरण तेथेच संपावयाचे.

परंतु 1880 मध्ये न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या एक बाई, थिओडिशिया कार्पेंटर, दात दाखविण्यासाठी दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत बसल्या असता तेथे पडलेले ते मासिक त्यांनी सहज चाळले. आपणही दवाखान्यात बसलो की जुनी मासिके चाळतो. वाचून ठेवून देतो. या बाईंनी ठेवून दिले नाही. धर्म बदलला तर मदत, ही भाषा त्यांना रुचली नाही आणि शिकू पाहणाऱ्या त्या अनोळखी मुलीविषयी मनात माया उत्पन्न झाली. घरी जाऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले.

त्यानंतर तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. एका बाजूला दोन लेकींची आई असलेली अमेरिकन गृहिणी, दुसऱ्या बाजूला नवऱ्याकडून इंग्रजी शिकलेली पंधरा वर्षांची मराठी मुलगी. आमच्याकडे सण कोणते, लग्ने कशी होतात, देव कोणते, तुमच्याकडे मुली काय शिकतात, असे सारे विषय त्यांत निघत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. नाते जुळविण्यात आपण मराठी बायका हुषार आहोत हे खरेच, परंतु एकदा मावशी म्हटले की दोन्ही बाजूंना जबाबदारी येते. या मावशींनी ती मानली. अमेरिकेस आलीस तर माझे घर तुझेच, असा निरोप त्यांनी दिला. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंना सारखी डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा असे. तर रोझेलहून औषधे आली. औषधांनी गुण आला नाही ही गोष्ट वेगळी.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आनंदीबाईंना परकेपणा भेटला तो प्रथम अमेरिकेत नव्हे. गोपाळरावांची बदली 1881 मध्ये कलकत्त्यास झाली. एवढे थोरले राजधानीचे शहर, भाषा कळत नाही, हवा मानवत नाही, ओळखीचे घर नाही. तेथे नवराबायको बरोबरीने रस्त्याने चालू लागली की लोक थांबून पाहत, गाडीतून माना बाहेर काढून हसत, टोचून बोलत. पायांत जोडे घालून नवऱ्याबरोबर फिरणारी ही बाई घरंदाज असेल असे कोणाला वाटेना. मुंबईतही शाळेत जाता-येता असाच छळ झाला होता. आपल्याच देशातल्या दोन मोठ्या शहरांत या मुलीला पाण्याचा तांब्या पुढे करून या, बसा म्हणणारे घर सहजी मिळाले नाही. आणि आठ-दहा हजार मैलांवरून एक बाई बोलावीत होती.

जाण्याचे ठरले. गोपाळरावांना रजा आणि पैसा दोन्हींची अडचण, घरी म्हातारी आई आणि धाकटे भाऊ. तेव्हा एकटीने जावे असे ठरले. गवगवा झाला. बंगालमधील सेरामपूर येथे त्या वेळी त्यांचे बिऱ्हाड होते. तेथल्या कॉलेजच्या सभागृहात 24 फेब्रुवारी 1883 रोजी आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेस का जाता, येथेच का शिकत नाही, एकटी का, जात बहिष्कार घालील त्याचे काय, असे जे जे प्रश्न लोक विचारीत होते त्यांची त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदुस्थानात बायकांना बाई-डॉक्टरांची किती गरज आहे हे सांगितले. येथे जशी राहते तशीच तेथे राहीन, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा निर्धारही सांगितला. अठरावे वर्ष अजून पुरे व्हावयाचे होते! वडिलांनी घातलेल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. पोस्ट खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याने आणि इतरांनी थोडी मदत केली. 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून आगबोट सुटली. बरोबर मिशनरी बायकांची सोबत होती, परंतु ती सोबत सुखाची झाली नाही. वाटेत धर्माच्या गोष्टी फार आणि पोटात अन्न कमी, असा तो प्रवास होता.

4 जून 1883 रोजी त्या न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. ते शहर त्या वेळी कसे होते याची थोडी कल्पना द्यावीशी वाटते. अकराच दिवस आधी, 24 मे रोजी, ब्रुकलिनचा प्रचंड पूल लोकांसाठी खुला झाला होता आणि तो पाहण्यास माणसांचे लोंढे लोटत होते. 30 मे रोजी त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसे मेली. धक्क्यावर निरनिराळ्या देशांतून आलेल्या माणसांच्या झुंडी, घोड्यांच्या ट्रामगाड्या, सामानाचे छकडे, डोक्यावरून पुलांवर धावणाऱ्या आगगाड्या. अशा त्या गर्दीत मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या. तीन वर्षे अक्षरांतून ओळखलेले माणूस समोर उभे राहिले. दोघींनी एकमेकींना कसे ओळखले असेल हा प्रश्न मला पडत नाही. त्या धक्क्यावर लुगडे नेसलेली मुलगी दुसरी कोण असणार?

रोझेल हे लहानसे, झाडीचे गाव, न्यू यॉर्कपासून जवळच. आपल्यापैकी ज्यांची मुले आज न्यू जर्सीत एडिसन वगैरे भागांत आहेत त्यांना तेथून ते दूर नाही. मौजेची गोष्ट अशी की त्याच वर्षाच्या जानेवारीत, एडिसनसाहेबांनी खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावण्याचा पहिला प्रयोग याच खेड्यात केला होता. कल्याणच्या समयांच्या उजेडात मोठी झालेली मुलगी थेट विजेच्या गावी जाऊन पोहोचली!

कार्पेंटरांच्या घरी त्यांनी तो उन्हाळा काढला. हे तीन-चार महिने त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाचे असावेत. घरच्या मुली त्यांच्याभोवती असत. आनंदीबाई त्यांच्यात मिसळल्या, घरकामाला हात लावू लागल्या, तिकडच्या रीती शिकल्या आणि इकडच्या शिकविल्या. एकदा तर त्यांनी मावशींच्या घरी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून पाहुण्यांना जेवू घातले. गौरकाय बायकांना लुगडी नेसवून, खाली पंगत मांडून, हाताने जेवायला लावले. चमच्या-काट्यांच्या सवयीच्या त्या बायकांची भात कालवताना काय त्रेधा उडाली असेल! पण यातील मर्म मला निराळे दिसते. पाहुणी नुसती घेत बसली नाही. तिच्यापाशी जे देण्यासारखे होते ते तिने दिले. पैसा नव्हता, स्वयंपाक होता.

आणि यजमानीणबाईंचे मोठेपण असे की त्यांनी या मुलीला आपल्यासारखी करण्याचा आग्रह धरला नाही. कुंकू पुसावे, मांस खावे, चर्चला यावे आणि मग घरात राहावे, अशी अट तेथे नव्हती. ती मांस खात नाही म्हणून तिच्या जेवणाची व्यवस्था वेगळी करावी लागे, तर केली. सांगावयास हे सोपे वाटते. आपल्या घरी कांदा-लसूण न खाणारे पाहुणे दोन दिवस राहिले तर तिसऱ्या दिवशी आपण काय पुटपुटतो ते आठवून पाहावे.

ऑक्टोबर 1883 मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला. ही संस्था 1850 मध्ये स्थापन झालेली, खास बायकांना डॉक्टर करणारी जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. तिच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या पंडिता. तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती मंजूर झाली, आणि मावशी स्वतः फिलाडेल्फियापर्यंत पोहोचवायला गेल्या. मग त्या परतल्या आणि आनंदीबाई खरोखरच एकट्या पडल्या.

फिलाडेल्फिया म्हणजे रोझेल नव्हे. साडेआठ लाखांच्या घरात वस्ती, गिरण्या-कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कोळशाचा धूर, रस्तोरस्ती घोड्यांच्या ट्रामांची खडखड, आणि गावाच्या ऐन मध्यात नगरभवनाची अजस्र इमारत उभारण्याचे काम चाललेले. ते 1871 मध्ये सुरू झाले ते शतक उलटेपर्यंत पुरे झाले नाही. अशा शहरात त्यांना राहावयास एक खोली मिळाली. खोलीतली शेकोटी नीट चालत नसे. पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर हाडे गोठविणारी थंडी. बाहेर बर्फ. आपल्याकडे मार्गशीर्षात पहाटे चार दिवस गारठा पडला की आपण गोधडीतून हात बाहेर काढीत नाही. तिथे महिनोन् महिने तसले, आणि तेही पोटात पुरेसे अन्न नसताना. स्वतः रांधावे तर अभ्यासातून वेळ नाही, आणि तयार मिळे त्यात चालण्यासारखे थोडे. प्रकृती मुळातच नाजूक. ती तेथे ढासळू लागली. पहिल्याच हिवाळ्यात मोठे दुखणे आले. मग डॉ. बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी नेऊन ठेवले. अशा रीतीने परक्या मुलुखात दुसरे दार उघडले. सुट्टी लागली की मात्र आनंदीबाई रोझेलला जात. माहेरी जावे तशा.

त्यांच्या पोशाखाची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहतात, आणि तिकडच्या थंडीत ते जमेना, शिवाय तिकडच्या शिष्टाचारातही ते बसेना. पाश्चात्त्य झगा घालावयाचा नाही हा निश्चय. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने, पाय झाकतील असे, पातळ नेसावयास सुरुवात केली. किती लहान तडजोड! परंतु ती नवऱ्याला पत्रातून कळवावी लागली आणि तिच्यावरूनही बोल ऐकावे लागले. गोपाळरावांची पत्रे एकदा उत्तेजन देणारी तर एकदा काळजाला घरे पाडणारी अशी येत. बायको मोठी होत आहे याचा अभिमान आणि ती आपल्या हातून निसटत आहे याची भीती, दोन्ही त्या माणसात एकदम वसत असत. आनंदीबाईही मग गप्प बसल्या नाहीत. लहानपणी सोसलेल्या माराची आठवण त्यांनी नवऱ्याला पत्रातून स्पष्ट करून दिली. दूर गेल्यावाचून, आणि पाठीशी एक प्रेमाचे घर असल्यावाचून, त्यांना ते लिहिण्याचे धैर्य झाले असते काय, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

पाहुणा म्हणून राहणे सोपे नसते. सारेजण आपल्याकडे नवलाची वस्तू म्हणून पाहतात. फिलाडेल्फियात सभांना, मेजवान्यांना त्यांना बोलावीत, आणि हिंदुस्थानातल्या दुष्ट चालींविषयी त्या रडगाणे गातील अशी बोलावणाऱ्यांची अपेक्षा असे. 1884 मध्ये अशाच एका सभेत बालविवाह हा विषय त्यांना दिला. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी मूल गमावलेली ही मुलगी. ती या चालीवर तुटून पडणार असे सर्वांना वाटले. त्यांनी उलट तिचे समर्थन केले! ऐकणाऱ्या बायका थक्क झाल्या. आपल्याला हे आज पटणारे नाही, आणि कोणी पटवूनही घेऊ नये. परंतु परक्यांच्या घरी बसून आपल्या घराची उणी-दुणी काढावयाची नाहीत, ही जी आपल्या आयाबहिणींची जात असते, तीच मला त्यात दिसते. काय बोलावे हे यजमानांनी ठरवू नये, एवढे तर त्यांनी दाखविलेच.

या काळातील त्यांचे एक छायाचित्र आपण पुष्कळांनी पाहिले असेल. 10 ऑक्टोबर 1885 रोजी डॉ. बॉडली यांच्याकडील समारंभाच्या वेळी काढलेले. तीन विद्यार्थिनी, जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या साबात इस्लांबूली आणि आपल्या आनंदीबाई. तिघींच्याही अंगावर आपापल्या देशाचा वेष आहे. तिघीही घरापासून दूर. चेहरे गंभीर आहेत. त्या वेळच्या छायाचित्रांत हसण्याची पद्धत नव्हती. तरी तिघींनी एकमेकींना कशी सोबत केली असेल ते त्या खुर्च्यांच्या जवळिकीवरून कळते.

त्याच वर्षी गोपाळराव अमेरिकेत येऊन पोहोचले. येथे चरित्रकाराला संकोच वाटतो. ज्या लोकांनी पत्नीला दोन वर्षे जिवापाड सांभाळले त्यांच्याच देशात हिंडून त्यांनी अमेरिकन समाजावर, मिशनऱ्यांवर, तेथल्या बायकांवर सभांतून कडक टीका केली. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. मिशनऱ्यांनी त्यांना एकदा धर्माची अट घातली होतीच. पण वेळ आणि जागा पाहण्याचा गुण त्यांच्या अंगी नव्हता. यजमानांना खाली मान घालावी लागली आणि आनंदीबाईंना दोन्हीकडून ओढाताण सोसावी लागली. एकाच घरचे दोन पाहुणे, किती निराळे!

11 मार्च 1886. पदवीदान समारंभ. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. चौदाव्या वर्षीचे दुःख त्यांनी विद्येत असे रूपांतरित केले. समारंभाला मावशी आल्या होत्या, गोपाळराव होते, आणि इंग्लंडहून खास पंडिता रमाबाई आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. एका मराठी मुलीच्या मायेखातर आलेल्या रमाबाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. तिथेच 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, डॉ. बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकाने आणि व्याख्यानांनी उभ्या राहिलेल्या मदतीतून 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले. दंतवैद्याकडच्या त्या मासिकापासून ही साखळी कोठवर पोहोचते पाहा.

पदवीनंतर अनुभव घेण्यासाठी आनंदीबाई बॉस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात गेल्या. पण दुखणे आता लपण्यासारखे राहिले नव्हते. क्षय. काम अर्धवट टाकावे लागले. कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची डॉक्टर म्हणून नेमणूक करून बोलावणे पाठविले होते. आपल्याच मुलुखातले काम, आणि त्याच कोल्हापुरातले जेथून ते पहिले पत्र गेले होते. ऑक्टोबर 1886 मध्ये त्या निघाल्या. मावशींचा निरोप घेताना आपण पुन्हा भेटू असे दोघींनी एकमेकींना सांगितलेच असेल. अशा वेळी सांगतातच.

16 नोव्हेंबर 1886 रोजी मुंबईस उतरल्या तेव्हा जनतेने मोठे स्वागत केले. बहिष्काराची जेवढी भीती घातली होती तेवढा झाला नाही. जे लोक जाताना नावे ठेवीत होते त्यांतलेच काही येताना पाहावयास आले. पण उपयोग काय? औषधोपचारांसाठी पुण्यास नेले, आईजवळ ठेवले. ज्या हातांनी हजारो बायकांच्या नाड्या पाहावयाच्या, ते हात उचलेनासे झाले. कोल्हापूरच्या कामावर त्या एक दिवसही रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षे पुरी व्हावयास महिनाभर अवकाश होता.

त्या थंडीत मांसाहार केला असता, झगा घातला असता, तर त्या जगल्या असत्या, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला हा हिशेब मांडवत नाही. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. ते निघावयास आणखी साठ वर्षे जावी लागली. डॉ. बॉडलीही लवकरच, 1888 मध्ये निवर्तल्या. त्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलिन डॉल या बाईंनी आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि पुढे थोड्याच अवधीत आपल्या काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. एका बाईची हकिकत बायकांनीच आधी जतन करून ठेवली.

रक्षेची गोष्ट राहिली. गोपाळरावांशी आपले पटो वा न पटो, त्यांनी एक गोष्ट फार योग्य केली. आनंदीबाईंच्या रक्षेचा अंश त्यांनी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेस पाठविला. मावशींनी तो न्यू यॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवला. वर दगड बसविला. त्यावर आनंदीबाई जोशी हे नाव, एम. डी. ही पदवी, 1865 आणि 1887 ही दोन साले, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थानाबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. हडसन नदीच्या काठचे ते गाव रोझेलपासून आगगाडीच्या टप्प्यात आहे. मुलांकडे तिकडे जाणाऱ्या आपल्या भगिनींपैकी कोणी गेल्या, तर कल्याणहून चिमूटभर हळदकुंकू न्यावे.